सहा कोरांचं मशीन

प्रोसेसरमध्ये जास्त कोर म्हणजे गेम जास्त वेगात, हे तुम्हाला कोणी सांगितलं? खेळणाऱ्याने की विकणाऱ्याने?

ब्राह्मणपाऱ्यातल्या कॉम्प्युटर दुकानातला विक्रेता किमतीआधी गेमचं नाव विचारतो, तेही मान खाली घालून. महागडं मशीन खपलं नाही तर नोकरी जाईल, अशी ताकीद एका सकाळी मालकाने त्याला दिली. त्याच दिवशी सिलतऱ्याच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी आली.

"मले सोळा कोरवालाच पाहिजे, भैया."

"काहून, दीदी? तुमचा गेम सहाच वापरते. बाकीचे बसून राहतीन."

तिला पटेना. त्याने एक सहा कोरांचं आणि एक सोळा कोरांचं महागडं अशा दोन मशीनवरचे आकडे टेपने झाकले आणि दोन्हींवर तिला खेळायला लावलं. तिला बरं वाटलं ते तिने निवडलं; टेप काढली तर ते सहावालं निघालं.

"दुकान बुडवून राहिला का बे?" मालक गरजला.

"हव," असा होकार देत विक्रेत्याने सहावाल्याचंच बिल केलं.

असा माणूस तुमच्या गावात दिसला, तर मालकासमोर त्याची बाजू घ्या.