नायगाऱ्याहून आणलेला ओरखडा

माझ्या नाकाच्या डाव्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ आहे. साताऱ्यात सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या मंडळींना मी तिचा इतिहास सांगून ठेवला आहे, फक्त दर वेळी वेगळा. कधी ते अमेरिकन गरुडाचं काम असतं, कधी विमानाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं तेव्हा एक ढग घासून गेलेला असतो. ढगाची हकिगत तर आमच्यातल्या एका रिटायर्ड पोस्टमास्तरांनी बरेच दिवस खरी मानली होती. आज मात्र झालं तेच सांगतो. थोडं तिखटमीठ लागेल, त्याला इलाज नाही. अळणी माझ्या घशाखाली उतरत नाही.

करोनाच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी लेक आणि जावई मिशिगनमध्ये नोव्हायला असतात. जावई नागपूरचे, मोटारींच्या धंद्यात इंजिनिअर. त्या वर्षी दोघांनी चीनमधल्या अनाथाश्रमातून एक मुलगी दत्तक आणली. वय दोन वर्षं, गाल कुर्डईसारखे फुगलेले, केस कुणीतरी वाटी ठेवून कापलेले. ती घरी आल्यावर महिन्या-दीड महिन्याने आम्ही नवराबायको तिकडे पोचलो.

आता लहान मुलांच्या बाबतीत माझी ख्याती तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. आमच्या कॉलनीत बिघडलेला मिक्सर जसा दुरुस्तीला देतात, तसं रडणारं पोर माझ्याकडे आणून देतात. माझ्या मांडीवर गप्प न झालेलं मूल अजून सातारा जिल्ह्यात जन्माला आलेलं नाही. कराडकडे एक आहे म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही.

तर डेट्रॉइटच्या विमानतळावर मी हात पुढे केले, आणि लेकीच्या कडेवरची ती पोरगी गोड हसून सरळ माझ्याकडे आली. मी बायकोकडे असं बघितलं, की जणू मिशिगन जिंकलं! तेवढ्यात लेकीने तिला माझ्या हातातून काढून घेतलं.

"बाबा, प्लीज. अजून नाही."

गाडीत बसल्यावर नियम कळला. दत्तकाच्या कामातली एक सोशल वर्कर बाई त्यांच्याकडे येत असे, तिने घालून दिलेला. पहिले काही महिने मुलीला उचलायचं, भरवायचं, थोपटायचं ते फक्त आईने आणि बाबाने. बाकीच्यांनी घरात असायचं, हसायचं, पण हात मागे ठेवायचे.

"म्हणजे आम्ही एवढे समुद्र ओलांडून आलो ते हात मागे बांधायला?" मी म्हणालो. "आली की ती माझ्याकडे! हसत आली!"

"ती सगळ्यांकडेच जाते, बाबा," लेक म्हणाली. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

हा कसला प्रॉब्लेम, ते मला काही उमगलं नाही. बायकोने मात्र लेकीचा हात हातात घेतला. ती माझ्यापेक्षा हुशार आहे. हे मी लिहितो, बोलत नाही.

पुढे घरात राहिल्यावर थोडं थोडं दिसायला लागलं. पोरगी रडायची नाही. पडली तरी नाही, ढोपर फुटलं तरी नाही. दुपारी झोपून उठली की हाक न मारता छताकडे बघत पडून राहायची, कुणीतरी कधीतरी येईल अशा हिशेबाने. शेजारची मराठी काकू आली की म्हणायची, "अय्या, किती गुणी आहे गं!" आणि लेकीचा चेहरा पडायचा. एकदा मी पाहिलं, लेक त्या खोलीच्या बंद दाराला कान लावून उभी होती. आतून रडू ऐकू यावं म्हणून. आजवर मूल गप्प व्हावं म्हणून नवस करणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या होत्या, ही पहिलीच उलटी.

"तिच्या लेखी मी आणि दुकानातली बाई सारखीच," ती मला म्हणाली. "मी उद्या नाहीशी झाले ना, तर ती दुसऱ्या कुणाचा हात धरून चालायला लागेल. हसत."



आमचे परतीचे दिवस जवळ आले, तसा नायगाऱ्याचा विषय निघाला. अमेरिकेला जाऊन नायगारा न बघता आलेल्या माणसाला साताऱ्यात कुणी चहा विचारत नाही. शिवाय मी जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केलेली. एवढं पाणी कुणाच्या सहीशिवाय खाली सोडतात, हे एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं. लेक कां-कू करत होती. सोशल वर्कर बाई म्हणाली, जा, फक्त तिला जवळ ठेवा. झालं, निघालो.

नोव्हायहून नायगाऱ्याला जायचा जवळचा रस्ता कॅनडातून जातो, आणि कॅनडाचा व्हिसा काही आमच्याकडे नव्हता. म्हणून आख्ख्या ईरी तळ्याला वळसा घालून गेलो. तळं कसलं, समुद्रच तो. खारट व्हायचा राहून गेलेला. तासन् तास डाव्या हाताला तेच पाणी. मला तर वाटलं, जावई त्याला प्रदक्षिणा घालतायत.

ओहायोत एका रेस्ट एरियात थांबलो. झाडाखाली लाकडी टेबलं होती. आमच्या हिने तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू काढले. जावई गाडीत गॅस भरायला गेले. गॅस म्हणजे पेट्रोल, हे कळेपर्यंत मी त्या गाडीत जीव मुठीत धरून बसत होतो. लेक टिश्यू आणायला दुकानाकडे वळली, आणि नात माझ्यासमोर उभी राहून लाडवाकडे बघायला लागली. भुकेलं पोर, हातात लाडू आणि समोर आजोबा. यात नियम कुठून आठवणार? माझ्या हाताने आपणहून एक तुकडा मोडला आणि तिच्या तोंडात घातला. तिने तो खाल्ला आणि सगळे दात दाखवून हसली.

"बघितलंस?" मी हिला म्हणालो. "तुमची ती बाई काय म्हणते ते म्हणू दे. रक्त ओळखतं!"

"कुणाचं रक्त, अहो?" ही म्हणाली. "जरा मागे बघा."

मागे वळून बघतो, तर नात शेजारच्या टेबलाशी. तिथे एक ट्रक ड्रायव्हर सँडविच खात बसला होता. दाढी अशी, की आत चिमण्यांनी बिऱ्हाड केलं असावं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, आ केला, आणि तस्सं हसली. अगदी तस्सं, सगळे दात दाखवून. तो बिचारा विरघळला, त्याने पावाचा तुकडा दिला. तो खाऊन ती तिसऱ्या टेबलाकडे निघाली. तिथल्या आजीबाईंसमोर पुन्हा आ, पुन्हा तेच हसू.

लेक धावत आली, तिने तिला उचललं. पोरगी उचलल्यावरही तितकीच खूष, ना राग ना लोभ. आजीबाईंनी कौतुकाने विचारलं, कुणाची हो ही?

"माझी नात," मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. "नाक माझ्यावर गेलंय."

माझं नाक म्हणजे अजिंक्यताऱ्याचा बुरूज आणि तिचं म्हणजे हरभऱ्याचा दाणा. आजीबाई माझ्या नाकाकडे बघत राहिल्या. लेक हसली नाही. ओरडलीही नाही. लाडवाचा डबा तेवढा झाकण लावून आत ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला विमानतळावरचं ते हसू आठवलं, ज्याच्या जोरावर मी मिशिगन जिंकलं होतं. पुन्हा गाडीत बसलो. पेनसिल्व्हेनिया कधी आलं, कधी गेलं, मला कळलं नाही. जावयांनी आरशातून बघून विचारलं, "बाबा, तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नायगारा. त्याचं वर्णन करायला गेलो तर खोटं बोलतोय असं वाटेल, आणि तिथे मला, कधी नव्हे ते, खोटं बोलायची गरज पडली नाही. एवढंच सांगतो, की कोयनेचे सगळे दरवाजे उघडलेले मी पाहिले आहेत, आणि तरी माझा हात आपोआप टोपीकडे गेला. हिने विचारलं, "एवढं पाणी बंद कधी करतात?" मी म्हणालो, "रविवारी." शेजारचा एक गुजराती माणूस हे ऐकून घड्याळाकडे बघायला लागला.

खाली बोट असते, ती धबधब्याच्या पार तोंडाशी नेते. लिफ्टने उतरलो. चढायच्या आधी प्रत्येकाला निळा प्लास्टिकचा रेनकोट देतात, टोपीसकट, गुडघ्याच्या खालपर्यंत. तो घातला की गोरा-काळा, म्हातारा-तरुण, सगळे एका साच्यातले. शे-दोनशे माणसं निळी होऊन डेकवर उभी. मी स्वतःच एका जपानी बाईला "अगं, कठडा धर" म्हणालो.

लेकीने नातीला तिचा छोटा रेनकोट घातला, पण त्या खटपटीत स्वतःचा राहिला. बोट सुटली, पहिले तुषार अंगावर आले. जावई मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून शूटिंग करत होते. ही दोन्ही हातांनी कठड्याला मिठी मारून अथर्वशीर्ष म्हणत होती.

"बाबा, एक मिनिट हिला धरा," लेक म्हणाली. "एकच मिनिट. हा घालते पटकन."

मी हात पुढे केले. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा, परवानगीने. नात आली, नेहमीसारखी, हसत. मी म्हटलं, चला, निदान एक मिनिट तरी आपलं.

लेकीने तो निळा रेनकोट डोक्यावरून ओढला, वाऱ्याने तो फडफडला, गर्दी जराशी हलली, आणि लेक तीन-चार निळ्या पाठींच्या पलीकडे गेली. नातीने तिकडे बघितलं. निळं. इकडे बघितलं. निळं. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचं ते हसू पुसल्यासारखं गेलं. ओठ थरथरले.

आणि पोरगी किंचाळली.

मंडळी, नायगारा थांबला. क्षणभर थांबला, मी पाहिलाय. कॅनडाच्या बाजूच्या लोकांनी वळून बघितलं. तिने माझ्या छातीवर पाय रोवले, पाठीची कमान केली, एक पंजा माझ्या नाकावर ओढला आणि दोन्ही हात गर्दीकडे पसरले. गर्दीकडे म्हणजे एकाच दिशेला. त्या शे-दोनशे निळ्यांत नेमक्या एका निळ्याकडे. लेकीचा चेहरासुद्धा दिसत नव्हता, टोपी डोळ्यांवर आली होती. मला सख्खी मुलगी ओळखू आली नसती. नातीला आली.

लेक गर्दी लोटत आली. नात तिच्यावर अक्षरशः पडली. गळ्याला मिठी मारून तिने असं भोकाड पसरलं, की दोन वर्षांचं साठलेलं बाहेर येत असावं. आजूबाजूची भली माणसं "ओह, पुअर बेबी" म्हणत सहानुभूतीने बघत होती. आणि लेक त्या पाण्याच्या धुरळ्यात उभी राहून रडत होती, हसत होती, आणि तिच्या कानात "आहे, आहे, मी आहे" म्हणत होती. जावयांनी मोबाइल खिशात टाकला. शूटिंग तिथपर्यंतच आहे.

"अहो, नाकावर रक्त आलंय," ही म्हणाली.

"येऊ दे," मी म्हणालो.

वर आल्यावर बाकावर बसून आम्ही फ्रेंच फ्राइज खाल्ल्या. मी एक फ्राय नातीपुढे धरली. नियम मोडायला नाही. मला बघायचं होतं. तिने फ्रायकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड फिरवून आईच्या मानेत खुपसलं. मग आईने तीच फ्राय माझ्या हातातून घेऊन दिली, ती खाल्ली.

"आयुष्यात पहिल्यांदा कुणी तुम्हाला बरोबर ओळखलं," ही म्हणाली. लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

परत निघेपर्यंत नात माझ्याकडे आली नाही. डेट्रॉइटच्या विमानतळावर मी हात पुढे केले, तिने आईचा कुर्ता मुठीत घट्ट धरला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तिला साताऱ्याला पळवून नेणार आहे. लेकीला जरा संकोचल्यासारखं झालं. "सॉरी बाबा," ती म्हणाली. मी म्हणालो, "गप गं, सॉरी कसलं," आणि माझी बॅग उचलली.

विमानात हिने पर्समधून मलम काढलं आणि नाकाला लावायला आली. मी लावू दिलं नाही.