मुका दत्ताराम आणि माझे नारळ

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माल उतरवून गाडी रिकामी झाली, की तेच आपले चढून बसतात! रत्नागिरीत वेड्यांच्या इस्पितळाला मी नारळ पुरवायचो, तेव्हाचे हे.

लोक विचारत, "शेट, वेड्यांत भीती नाय वाटत?"

"मालाला नावं ठेवीत नाहीत. भीती कसली!"

*

तिथले डॉक्टर म्हणायचे, "ओरडतो त्याची मला काळजी नाही. ह्याची आहे."

हा म्हणजे दत्ताराम. मुंबईला गिरणीत होता. आता बोलणं नाही, हसणं नाही, भूक लागली तरी मागणं नाही. भिंतीकडे बघत बसायचा.

मी म्हटलं, "एखादं जालीम औषध द्या की!"

"इच्छाच आटली, तर त्यावर औषध निघालेलं नाही, शेट. रोज काम द्यायचं, रोज विचारायचं आणि थांबायचं."

वॉर्डर रघू पुटपुटला, "ह्याच्यासाठी थांबलो तर मी पेन्शनीत जाईन!"

*

काम ठरलं माझ्या नारळांचं. कानाशी हलवायचे, पाणी वाजेल ते एकीकडे, न वाजेल ते दुसरीकडे. रघू त्याच्या हातात नारळ देऊन जेवायला गेला. परत येतो तो नारळ तसाच हातात!

रघू वैतागला. डॉक्टर मात्र खूष! "टाकला नाही ना? मग उद्या परत."

पुढे कित्येक दिवस रघूच त्याचा हात धरून कानाशी नेई. मग हात आपसूक जाऊ लागला. तोंड बंद ते बंदच.

*

स्वतःला कलेक्टर समजणारे एक तात्या तिथे होते. त्यांनी दत्तारामला शिरस्तेदार नेमलं! "असा माणूस मिळायचा नाही. उलट उत्तर नाही, रजेचा अर्ज नाही!"

आम्ही पोट धरून हसलो. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "तो हसला का?"

नव्हता हसला.

*

त्याची आई मंडणगडाकडची. बंदरापर्यंत चालत, पुढे आगबोटीने यायची. लेकासमोर बसून म्हशीपासून जावयापर्यंत सगळं सांगायची. तो आपला भिंतीकडे बघत.

एकदा निघताना मला म्हणाली, "शेट, एक चांगलासा नारळ द्या. देवीपुढे ठेवीन. लेक एक शबुद बोलू दे, येवढंच मागणं."

मी ढिगातला एक उचलला. "घ्या आई, माझी ग्यारंटी!"

दत्तारामने तो मधल्यामधे माझ्या हातून घेतला. कानाशी हलवला.

"आये, ह्यात पाणी नाय."

रघूच्या हातची टोपली खाली आली. डॉक्टर दारातच उभे.

म्हातारीने डोळ्यांना पदर लावला, आणि माझ्याकडे वळली.

"आयकलंत न्हवं, शेट? माझा लेक नको म्हणतोय. दुसरा द्या!"