बाबांनी मागितलेली माफी

बाबा रेल्वेत हेडक्लार्क होते. निवृत्तीनंतरही मैलापूरच्या घरात वेबसाइटचा पत्ता ते वहीत बघून टाइप करत आणि एकेका अक्षराखाली पेन्सिलीने टिंब देत.

एका दुपारी ते म्हणाले, "अरे, मेलचं पान आज वेगळं दिसलं. पासवर्ड टाकला तरी उघडेना."

"काहीतरी चुकीचं टाइप केलं असेल तुम्ही."

"बरोबर केलंय. वही बघ."

मी वही बघितली नाही. संध्याकाळपर्यंत त्यांच्या खात्यातून रेल्वेतल्या जुन्या मित्रांना भलतेच मेल गेले. बाबांनी एकेकाला फोन केला आणि आपल्या मोडक्या तमिळमध्ये "मन्निच्चुडुंग, माझी चूक झाली" म्हणत माफी मागितली. मी शेजारच्या खोलीत ऐकत होतो.

दोन दिवसांनी तोच पत्ता मी माझ्या फोनवर टाकला. घरच्या वायफायवर पासवर्ड चोरणारं खोटं पान आलं. मोबाइल डेटावर खरं.

मी ओरगडमच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. आपण लिहिलेल्या नावाचा आकडी पत्ता विचारून आणणारा एक छोटा प्रोग्राम राउटरमध्ये असतो. आणलेलं उत्तर तो काही काळ जपून ठेवतो. त्यात एक दोष सापडला होता: बाहेरच्या कुणी खऱ्याआधी खोटं उत्तर पोचवलं, तर तो तेच जपतो आणि घरातल्या सगळ्यांना देतो. त्या दोषाची सूचना मी काही महिन्यांपूर्वीच वाचली होती. कारखान्यातले सगळे राउटर त्याच आठवड्यात दुरुस्त केले. घरच्या राउटरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम माझाच. आणि नेमका तोच दुरुस्त करायचा राहून गेला.

खोटं पान दिसलं त्या दिवशी मी तो गुपचूप दुरुस्त केला. बाबांना सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा कधी कीबोर्डला हात लावला नाही. "तूच बघ रे, माझ्याकडून चुकतं," म्हणायचे.

त्यांच्या तेराव्याला काका पंगतीत हसून म्हणाले, "दादा शेवटी शेवटी काहीही दाबायचा हं." मी ताक वाढत पुढे गेलो.

पाहुणे गेल्यावर आईला सगळं सांगितलं.

"तुला कधी कळलं?"

"दोन दिवसांनीच."

"म्हणजे ते चांगले हिंडतेफिरते होते तेव्हा." तिने हातातलं ताट पुसून ठेवलं. "काकांना फोन कर. मग त्या सगळ्यांना. त्यांनी केला होता तसा, एकेकाला."

काकांना केला. बाकीच्यांचे नंबर समोर आहेत. पहिल्यालाच काय म्हणायचं, ते अजून सुचत नाही.