दोष दाखवायला निघालेली गाडी

माझे वडील बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. दोष ठाऊक असताना वस्तू बाहेर सोडणं त्यांच्या लेखी पाप होतं. बाकीच्या पापांबद्दल ते फारसे कडक नव्हते.

आमच्या जुन्या मोटारीत एकच खोड होती. सकाळी थंड असताना ती झटक्यात सुरू व्हायची. तापल्यावर दहा मिनिटं उभी केली, की मग कधी सुरू व्हायची, कधी नाही. वडिलांनी कॉइल बदलली, प्लग बदलले, तिचा प्रत्येक नकार वेळेसकट वहीत टिपला. रविवारी कारखान्यातले तीन इंजिनियर येऊन कॉफी पीत आणि तीन निदानं करून जात. शेवटी मोठ्या साहेबांच्या फाटकासमोर, निरोप घेणाऱ्या पाहुण्यांच्या देखत, आईला नव्या पातळात गाडी ढकलावी लागली. तिने निकाल दिला : विका. वडिलांचा जीव गाडीत अडकला होता, पण त्या निकालावर अपील नव्हतं.

गिऱ्हाईक मिळालं ते होसकोट्याचे एक रेशीम व्यापारी. वडील त्यांना गाडी दाखवायला त्यांच्याच गावाच्या रस्त्याने निघाले. व्यवहार पुरा होईपर्यंत आईचा भरवसा नव्हता, म्हणून ती मला घेऊन मागे बसली.

के. आर. पुरम ओलांडल्यावर वडिलांनी गाडी थांबवली, बॉनेट उघडून दुखणं कुठे असावं ते समजावलं आणि दहा मिनिटांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. वडील ओशाळले. पुढे पुन्हा थांबले, पुन्हा बॉनेट, पुन्हा व्याख्यान. गाडी पुन्हा सुरू. असं चारदा झालं. "स्वल्प थांबा, आता बंद पडेल," असं ते अजिजीने सांगत होते.

व्यापारी खाली उतरले. "सार," ते कन्नडात म्हणाले, "चांगल्या गाडीला इतकी नावं ठेवणारा माणूस याहून मोठं काहीतरी लपवत असतो." आणि समोरून आलेल्या बसला हात करून ते निघून गेले.

बस दिसेनाशी झाली. मग आई म्हणाली, "अहो, दर वेळी झाकण उघडं होतं. झाकलेला भात शेगडीवरून उतरवला तरी आत शिजतच राहतो."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. इंजिन बंद केलं आणि बॉनेट लावून घड्याळात दहा मिनिटं मोजली. गाडी हलेना. बंद गाडीची उष्णता आत कोंडून इंजिनाजवळच्या पंपातल्या पेट्रोलची वाफ होत होती आणि इंजिनाला पेट्रोल पोचत नव्हतं. त्यांनी बॉनेट उघडलं, ओला रुमाल पंपावर ठेवला, थोडं थांबले. गाडी सुरू झाली. इतका आनंद त्यांना बढतीचाही झाला नव्हता.

"म्हणजे आता विकायची नाही," आई म्हणाली.

"दोष सापडल्यावर कोण विकतं?"

विकण्याचं कारण आपणच काढून टाकलं, हे तिच्या ध्यानात आलं असावं. ती उतरली, व्यापाऱ्यांच्या रिकाम्या जागेवर पुढे जाऊन बसली, आणि वडिलांनी पंपावरून काढलेला तो ओला रुमाल वाळायला खिडकीबाहेर धरला.