खुर्चीशेजारचा पाइप

आईचं मांडीचं हाड मोडलं ते मोरिवलीतल्या तिच्या घरी, मागच्या दारी, कोंबड्यांना दाणे टाकताना. ऑपरेशन झालं, आत स्टीलचा रॉड बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा पडल्या तर परत चालतील याची खात्री मी देत नाही." मला भाऊ नाही, वडील कधीच गेले. त्यामुळे आई आमच्याकडे बदलापूरला, कात्रपच्या फ्लॅटवर आली. येताना सगळ्या गल्लीला सांगून आली की चार दिवसांसाठी जाते आहे. लेकीच्या घरी चार दिवसांपेक्षा जास्त राहायचं नसतं, असं ती मानते. ते चार दिवस अजून चालू आहेत.

ती येण्याआधी माझ्या नवऱ्याने घर डोक्यावर घेतलं. ते तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कोण कुठे घसरेल हे बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी संडासात कमोड बसवून घेतला, बाजूला स्टीलचे दांडे ठोकले, बाथरूमच्या दारातली उंच पट्टी फोडून तिथे उतार केला. माझी पायपुसणी माळ्यावर गेली. शेवटी उल्हासनगरहून एक उंच, भक्कम हातांची खुर्ची आणली. दुकानदार सिंधी, बोलायला गोड. म्हणाला, "मम्मी को बिठाओ इसमें साई, उठने का नाम नहीं लेगी." बिचाऱ्याला माझी आई माहीत नव्हती.

कारण एक गोष्ट आम्ही कुणीच धरली नव्हती. आमच्या मोरिवलीच्या शेतकरी घरांत सासू जावयासमोर बसत नाही. जावई आला की उठायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, तो टेकेपर्यंत उभं राहायचं. टेकायचंच तर खाली जमिनीवर. जमिनीवर बसायला आईला डॉक्टरांनी बंदी केली होती, त्यामुळे तिच्याजवळ उभं राहणं तेवढं उरलं.

संध्याकाळी लॅचमध्ये किल्ली फिरली की आई ताडकन उठायची. एका हाताने पदर ओढायची, दुसऱ्या हाताने हवा धरायची. नवरा दारातूनच ओरडायचे, "आई, बसा, बसा तुम्ही." ती "हो हो" म्हणायची आणि उभीच राहायची. ते आतल्या खोलीत गेले की मग खुर्चीत कोसळायची. हे रोज. मी चिडायचे. मी तिला प्रेमाने सांगितलं, ओरडून सांगितलं, डॉक्टरांचं नाव घेऊन घाबरवलं. माझ्या बोलण्याला आमच्या घरात जी किंमत आहे तीच तिथेही मिळाली.

मग मी डोकं चालवलं. नवऱ्याला म्हटलं, खालून फोन करून वर या, म्हणजे ती दचकून उठणार नाही. झालं उलटंच. फोन वाजला की ती उठायची आणि ते जिने चढून वर येईपर्यंत उभी राहायची. आमची लिफ्ट त्या महिन्यात बंद होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

एका संध्याकाळी व्हायचं ते झालंच. उठताना पदर खुर्चीच्या हातात अडकला आणि आई तिरकी झाली. नवऱ्याने हातातला डबा टाकला आणि धावत जाऊन तिला दोन्ही खांद्यांना धरलं. डब्यातली उरलेली उसळ सगळ्या लादीवर. आईला काही लागलं नाही. पण जावयाने आपल्याला धरलं, या लाजेने ती त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी केस विंचरताना मी तिला म्हटलं, "तुला पुन्हा अंथरुणात पडायचंय का? कशासाठी उठतेस एवढी?"

ती म्हणाली, "त्याचे घरान रातंय, त्याचं अन्न खातंय. माजा संडास तो धुतंय, मना म्हाईत नाय काय? मना द्यायला काय रायलंय आता? तो आयला की उबी रातंय, यवरंच माजं."

माझा कंगवा तिच्या केसांतच राहिला. संडास धुतल्याचं तर मलाही माहीत नव्हतं. मी कामावर लवकर निघते, ते माझ्यानंतर. त्या मधल्या वेळात ते हे करत होते आणि दोघांपैकी कुणीही मला बोललं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि दोघांचा रागही आला.

रात्री मी नवऱ्याला आई काय म्हणाली ते सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले आणि भाकरी मोडत राहिले. रविवारी मात्र टेप घेऊन आईच्या खुर्चीशेजारी जमिनीपासून छतापर्यंत माप घेऊ लागले. पुढच्या आठवड्यात अंबरनाथहून एक माणूस स्टीलचा पाइप घेऊन आला आणि त्याने तो तिथे उभा बसवला, खाली लादीत आणि वर स्लॅबमध्ये पक्का. बसमध्ये धरायला असतो अगदी तसा.

"अहो, तिला बसवायचं सोडून उठायची सोय करताय?" मी म्हटलं.

"बसवून बघितलं की आपण," ते म्हणाले.

आईकडे न बघता, पाइपकडे बघत त्यांनी तिला सांगितलं, "आई, उठायचं झालं की याला धरायचं. आधी धरायचं, मग उठायचं. मला घाई नसते." आईने पदराआडून मान हलवली. नंतर कुणी बघत नाही असं वाटून तिने पाइपवरून हात फिरवलेला मला दिसला, गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

तेव्हापासून आमच्या दारात एक स्टूल आहे. नवरा कारखान्यातून आले की त्यावर बसायचे आणि आपल्या जाड सेफ्टी शूजच्या नाड्या सोडायचे. मान खाली, वर बघायचं नाही. आई पाइप धरायची, हळूहळू उभी राहायची, पदर सारखा करायची. मग ते मान वर करायचे, आत यायचे आणि म्हणायचे, "बसा, आई." आणि आई खरंच बसायची. देणं देऊन झालेलं असायचं ना.

यंदा ते निवृत्त झाले. आता संध्याकाळी कोपऱ्यावर भाजी आणायला जातात, तेवढंच त्यांचं बाहेर जाणं. आई फार थकली आहे. उठायला तिला इतका वेळ लागतो की बघणाऱ्याचाच जीव टांगणीला लागतो. मी नवऱ्याला म्हटलंही, आता तरी हे थांबवा. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

परवा मी स्वयंपाकघरातून बघत होते. लॅचमध्ये किल्ली फिरली. आईचा हात पाइपवर गेला, एकदा निसटला, पुन्हा गेला. नवऱ्याने मेथीची जुडी खाली ठेवली, स्टुलावर बसले आणि मान खाली घालून पायाशी नाड्या सोडू लागले. एका पायाची सोडली, मग सावकाश दुसऱ्या पायाची. आई पुरती उभी राहीपर्यंत त्यांची बोटं तिथेच चालली होती. त्यांच्या पायांत चपला होत्या.