दोन-सहाच्या बांगडीचं टार्गेट

पोरगी रोज शाळा सुटली की तिथल्या शेडमध्ये एअर पिस्तूलचा सराव करायची. पिस्तूल शाळेचं, छर्रे शाळेचे, पण सरावाची टार्गेटं आपापली आणा म्हणून सरांनी सांगितलेलं. रोज विकतची कोण आणणार? म्हणून मी घरीच करायला लागले.

मी सुरतच्या कापड मार्केटात साड्या घडी करून खोक्यात भरते. चेपलेली, कोपरा फाटलेली खोकी तिथं फेकूनच देतात. ती मी गोडादऱ्याला घरी आणायची. पुठ्ठ्याची चकचकीत बाजू मागं, खरबरीत पुढं. मागून कणकेच्या खळीनं वर्तमानपत्र चिकटवायचं, म्हणजे छर्रा लागल्यावर पुठ्ठा फाटत नाही, स्वच्छ भोक पडतं. अडलं ते मधल्या काळ्या गोलाशी. वाटी मोठी पडायची, डबीचं झाकण लहान. शेवटी माझ्या हिरव्या बांगड्यांतली एक ठेवून बघितली, दोन-सहाच्या मापाची, आणि आतून पेन्सिल फिरवली. सरांनी पट्टी लावून मापलं आणि म्हणाले, "बेन, एकदम बराबर छे!" त्याच्या आतल्या दहा गुणांच्या गोलाला शर्टाचं बटण पुरलं.

काळा रंग पोरीच्या पप्पांनी आणला. ते पांडेसऱ्याला डाईंग मिलमध्ये होते. बांगडी तशीच दाबून धरायची आणि आत बोळ्यानं रंग भरायचा. बांगडीला रंग लागायचाच. कितीही घासली तरी ती काळपट राहिली, आणि मी तिला खिडकीत ठेवून दिलं. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

पोरगी मात्र फुलत चालली होती. जिल्ह्याच्या संघाची निवड रविवारी होती आणि सर स्वतः म्हणत होते, हिची जागा पक्की. आधीच्या मंगळवारी मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनचं झाकण उघडताना वाफेचा झोत आला आणि ह्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या झाकणाचं रबर कुजलेलं आहे, हे खात्यातल्या सगळ्यांनी सुपरवायझरला कितीदा सांगून झालं होतं. "चलने दो" म्हणायचा मेला. चाललं ना मग!

हाताला पट्टी बांधून हे घरी आले. बघायला माझी मोठी जाऊ आली. ती वरच्या मजल्यावरच राहते. ह्यांच्या हाताकडे बघितलं न बघितलं, तिची नजर खिडकीत गेली.

"हाई काय शे?" बांगडी उचलून ती ओरडली. "सवाष्णीनी बांगडीले काळं फासं तू? आन् तिच्यावर पोरीकडून गोळ्या मारवतेस? मग नवऱ्याचं दुसरं काय होईल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते म्हणतात, इथं तर कावळासुद्धा नव्हता. मी म्हटलं, "ताई, मिलचं रबर माझ्या बांगडीनं कुजवलं का?" ती म्हणाली, "जीभ चालव तू. कुंकू जाईल तेव्हा कळेल." आणि जिन्याखाली रचून ठेवलेली सगळी टार्गेटं तिनं भंगारवाल्याला देऊन टाकली. बांगडी स्वतःबरोबर घेऊन गेली, तापीत सोडते म्हणे.

ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, हा माणूस तरी बोलेल, ह्यानंच तर रंग आणून दिला होता. ते छताकडे बघत म्हणाले, "थोडे दिवस राहू दे ना. कशाला उगाच?" कशाला उगाच! ज्या सुपरवायझरनं हात भाजवला त्याला हा माणूस 'साहेब' म्हणून नमस्कार करून आला होता, आणि इथं काचेच्या बांगडीला घाबरला. मी म्हटलं, "तुम्ही दोघं मिळून काय वाट्टेल ते करा, पोरगी रविवारी जाणार." तिला दुसरी टार्गेटं करून देते, असंही म्हटलं. भांडायला मी कोणाला हार जाणारी नाही.

पण रविवारी सकाळी पोरगी उठलीच नाही. सरांचा फोन आला, तिनं उचलला नाही. मी पांघरूण ओढलं तर ती जागीच होती, डोळे सुजलेले.

"आई, मी नाही जाणार."

"अगं, तुझी काकू काहीही बरळते."

"मला माहितीय ते." मग हळूच म्हणाली, "पण मी मारायला उभी राहिले की मला काळा गोल दिसणार नाही. तुझी बांगडी दिसेल. मी दहा मारला आणि पप्पांना काही झालं तर?"

जावेशी भांडता आलं, नवऱ्याशी आलं. हिच्याशी कसं भांडू? मी दारात जाऊन जिन्यात उभी राहिले आणि वरपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "ह्यांचा हात मिलवाल्यांनी भाजला! मिलवाल्यांनी!" शेजारणी बाहेर आल्या. वरचं दार बंदच राहिलं.

आत आले तर पोरगी पप्पांच्या हाताला मलम लावत होती, फुंकर घालत, फार हळू. तिकडे निवडीत तिचा नंबर यायची वेळ झाली होती. ह्यांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "शहाणी माझी पोरगी." तेव्हा मला त्या माणसाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही.