उलटी कांडी

भिकू मेस्त हा कुडाळकडचा सुतार. आजा-पणजापासून घरात रंधा आणि पटाशी. आणि सौदीत येऊन अकरा वर्षं त्यानं काय केलं, तर प्लायवूडच्या फळ्यांना खिळे ठोकले. काँक्रीट ओतायला पेटी उभारायची, काँक्रीट वाळलं की तीच पेटी पहारीनं उचकटून फेकायची. गावाहून बाप फोनवर विचारी, "मगे, आज काय केलंस?"

"पेटी."

की बाप गप्प. बापाचं ते गप्प राहणं भिकूला शिवीपेक्षा लागे.

यंदा मात्र दैव जरा हललं. कंपनीला जुन्या जेद्दातलं एक घर दुरुस्तीला मिळालं. मुनाफ फोरमन दापोलीचा. त्यानं साहेबाकडे शब्द टाकला, "ह्याचा हात एकदा बघा तरी." साहेबानं एक खिडकी दिली आणि तीन महिने दिले. खिडकी पास झाली तर त्याच घराच्या उरलेल्या चार भिकूच्या. नापास झाली तर खलास, परत वाळवंटातल्या कॅम्पात, पेट्या ठोकायला.

खिडकी म्हणजे आपल्याकडची दोन झडपांची नव्हे. तिला तिथं रोशन म्हणतात. भिंतीतून हातभर पुढं आलेली लाकडी खोलीच ती, तिन्ही अंगांना जाळी. आत बसलेल्या बाईला अख्खी गल्ली दिसावी, गल्लीतल्याला बाई दिसू नये, आणि समुद्राचा वारा आत यावा. जाळी कसली, तर बोटाएवढ्या कातीव कांड्यांची. प्रत्येक कांडी खालच्या अंगाला जाड, वर निमुळती. कुठं खिळा नाही, सगळं खाचेत बसवलेलं. भिकूनं पहिली कांडी काढून नुसती घासली आणि नाकाशी धरली. सागवान. शंभर वर्षं समुद्राची हवा खाऊन वास तोच, बापाच्या पडवीतला. तो तसाच बसून राहिला. मुनाफ म्हणाला, "हुंगतोस काय, बायकोचं पत्र आहे काय ते? यल्ला, कामाला लाग."

प्रत्येक कांडीवर त्यानं नंबर घातला. चांगली होती ती जपली, खालचा डावा कोपरा मात्र वाळवीनं पार भुगा केलेला. तेवढा कोपरा त्यानं लेथवर नवा कातला. रमझानच्या आधी काम उरकायचं होतं. त्या महिन्यात जुन्या गल्ल्यांत दिवे लागतात, ढोलकीवाले येतात, ठेले मांडतात, आणि यंदा चित्रकार पोरं घरांच्या भिंतींवर उजेडाची चित्रं पाडणार होती. ह्या घराची भिंतही त्यांच्या यादीत होती.

रमझानला चार दिवस उरले तेव्हा पास-नापास ठरवणारी रीम मॅडम तपासायला आली. जेद्दातलीच, जुन्या घरांचं शिकून आलेली, वयानं भिकूच्या पुतणीएवढी. परांचीवर चढली आणि जाळीवरून बोट फिरवत गेली. बोट खालच्या डाव्या कोपऱ्यात थांबलं.

एक कांडी उलटी होती. जाड अंग वर.

ती चुकून बसली नव्हती. बापाची रीत होती ती. दार असो, देव्हारा असो, म्हातारा एक जागा मुद्दाम उलटी ठेवी. म्हणे, "सगळा नीट करणारो वर बसलोहा. आपण त्याची बरोबरी करूची नाय." भिकूच्या हातानं तेच केलं होतं. करताना विचारसुद्धा आला नव्हता की इथं कामाचा करार आहे, आणि त्यात लिहिलंय, जसं होतं तसंच बसवायचं.

रीमनं अरबीत मुनाफला काही विचारलं. मुनाफ मराठीत पुटपुटला, "सांगतो, जुन्यातच तशी होती म्हणून. कोपरा वाळवीनं खाल्लेला, कोण बघायला जातंय." आणि तिच्याकडं वळून सराईतपणे अरबीत सुरू झाला. त्यात 'कदीम' आलं. कदीम म्हणजे जुनं, एवढं भिकूला कळत होतं.

त्याला चार खिडक्या दिसल्या. पेट्या दिसल्या. मग ज्या कुणा सुतारानं शंभर वर्षांपूर्वी ह्या खाचा मारल्या, तोही दिसल्यासारखा झाला. त्याच्या नावावर आपली उलटी कांडी खपवायची?

"ला," भिकू म्हणाला. त्याच्याजवळ तीनच शब्द होते. "जदीद. अना." नाही. नवी. मी.

मुनाफनं कपाळावर हात मारला. "मर आता." पण रीमनं बोटानंच खूण केली, का? मग मुनाफला सगळं सांगावं लागलं, बाप, देव्हारा, वरचा सगळं नीट करणारा.

रीमनं ऐकून घेतलं. हसली नाही. पुन्हा कांडीवर बोट ठेवून सावकाश बोलली, आणि मुनाफ मराठीत सांगत गेला. "म्हणते, पन्नास वर्षांनी कुणी बघायला आलं तर जुनं कुठं संपलं, नवं कुठं सुरू झालं ते कळलं पाहिजे. नव्या भागावर खूण लागतेच. आम्ही शिक्का मारणार होतो. आता ही कांडीच खूण. फायलीत लिहिते. पण पुढच्या वेळी आधी विचार, म्हणते." मुनाफनं भिकूला कोपरानं ढोसलं. "पुढच्या वेळी म्हणाली हां, भिकूशेठ. ऐकलंस ना नीट?"

खाली उतरताना रीम भिकूला म्हणाली, "शुक्रन, मुअल्लिम." मुअल्लिम म्हणजे उस्ताद. अकरा वर्षांत त्याला कुणी 'सदीक', म्हणजे नुसतं 'ए दोस्ता', ह्याच्या वर चढवलं नव्हतं.

रमझानच्या पहिल्या दिवशी, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज होऊन गेल्यावर, गल्ली माणसांनी फुलली. भिंतीवर उजेडाचे मासे पोहायला लागले, पोरं त्यांना पकडायला धावली. भिकूनं कागदी कपातला चहा कट्ट्यावर ठेवला आणि फोन रोशनसमोर धरला. पलीकडं कुडाळात म्हातारा चष्मा शोधत होता.

"खंय दाखवतंस? हलव नको."

भिकू हलला नाही. मासे जाळीवरून सरकले, कांड्या सोन्यासारख्या उजळल्या. म्हातारा बराच वेळ बोलला नाही. पण हे गप्प राहणं ते नव्हतं.

"फोन जरा खाली घे," तो म्हणाला. "आनीक. डाव्या हाताक." मग चष्मा फोनला भिडवला. "गावली माका. उलटी घातलंस."

"व्हय," भिकू म्हणाला.

"मगे आता दुसरी खिडकी कधी घेतंस?"

"सोमवारी," भिकू म्हणाला, आणि थंड झालेला चहा घोटभर प्याला.